साडेअकरा किलोचं चाक

मिस्त्रीचं लग्न राहूनच गेलं. नकार वगैरे कुणाचा नव्हता. आज बघू, उद्या बघू करता करता बघायचं वय निघून गेलं आणि मग लोकांनी विचारायचंही सोडून दिलं. वर्कशॉपच्या मागे दोन खोल्या, एक स्टोव्ह, एक ताट. रेडिओ सकाळपासून चालू असायचा, पण तो काय सांगतोय असं विचारलं असतं तर मिस्त्रीला सांगता आलं नसतं. संध्याकाळी शटर खाली ओढलं की या माणसाच्या तोंडातून पुढचा शब्द निघायचा तो थेट दुसऱ्या दिवशी, पहिलं गिऱ्हाईक दारात आल्यावर. बरेचदा तो शब्द घशातच अडकायचा आणि खाकरून परत म्हणावा लागायचा.

रविवार तेवढा वेगळा. रविवारी सकाळी भावोजी यायचे.

भावोजी म्हणजे थोरल्या बहिणीचा नवरा. ताई जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण नातं काही तिच्याबरोबर गेलं नाही. माणूस उंचापुरा, बोलका, विमा कंपनीतून निवृत्त झालेला, आणि एका बाबतीत ठार वेडा. त्यांच्याकडे एक जुनी लाल छोटी गाडी होती, टर्बोची. गावाबाहेरच्या टेकडीवर वर्षातून एकदा शर्यत व्हायची. एकेका गाडीने एकटीने वर चढायचं, घड्याळ लावून. भावोजी तरुणपणापासून त्या शर्यतीत उतरत आले होते. गाडी त्यांची, इंजिन मिस्त्रीचं. भावोजींनी जन्मात कधी बॉनेट उघडून आत डोकावलं नाही, आणि मिस्त्रीने शर्यतीच्या दिवशी कधी स्टिअरिंगला हात लावला नाही. "स्वयंपाक तुझा, जेवण माझं," भावोजी म्हणायचे, "आणि भांडी घासायला तुझी ताई होती, ती बरोबर वेळ साधून निसटली." हा विनोद दर रविवारी व्हायचा. दर रविवारी मिस्त्री हसायचा, आणि मन राखायला म्हणून नाही, खरंच हसायचा.

रविवारचा क्रम ठरलेला. दोघांनी गाडी घेऊन टेकडीपाशी जायचं. मिस्त्रीने दुसऱ्या वळणावर उतरून कठड्यावर बसायचं, डोळे मिटून. भावोजींनी पायथ्याला जाऊन गाडी हाणत वर आणायची. मिस्त्री बघायचा नाही, ऐकायचा. दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरमध्ये जाताना इंजिनाच्या आवाजात एक फट पडते, तिच्यावर त्याचा कान असायचा. त्या फटीवरून त्याला क्लच किती घासलाय ते तर कळायचंच, पण भावोजींची रात्री झोप झाली होती का, आणि लेकीशी फोनवर वाजलं होतं का, तेही कळायचं. मग वर्कशॉपवर परत. मिस्त्रीने ऑम्लेट करायचं, आणि दुपार कलेपर्यंत गप्पा. त्या गप्पांवर त्याचा पुढचा सगळा आठवडा निघायचा.

भावोजी येतात ते गाडी आहे म्हणून, असं मिस्त्री धरून चालला होता. नाहीतर आपल्यासारख्या घुम्याकडे कोण कशाला तंगड्या तोडत येईल, हे त्याचं गणित. गाडी बंद तर रविवार बंद. बरं, हे गणित एकदा तरी कुणाला दाखवून तपासून घ्यावं, तर तेही नाही. एकट्या राहणाऱ्या माणसांची हीच खोड असते, स्वतःच प्रश्न घालतात, स्वतःच उत्तर लिहितात आणि स्वतःच रडत बसतात.

आता ते फ्लायव्हील काय प्रकरण आहे, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. तेव्हा जरा दम धरा.

इंजिनाच्या पाठीला, क्लचला चिकटून, एक लोखंडी चाक फिरत असतं. तेच फ्लायव्हील. शिलाई मशीनचं चाक आठवा. पाय थांबवला तरी ते आपल्या तंद्रीत आणखी दोन टाके घालतंच. चाक जड असेल तर जास्त घालतं, हलकं असेल तर तिथल्या तिथे थांबतं. इंजिनाचंही तसंच. हलकं चाक लावलं की इंजिन चटकन चढतं, पण पाय उचलल्याबरोबर तितक्याच चटकन पडतं. जड चाक चढायला आळशी, पण एकदा फिरलं की धरून ठेवतं. टर्बोच्या गाडीत यात आणखी एक मेख आहे. टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरावर फिरणारा पंखा. इंजिन जोरात असेल तर तो जोरात फिरतो आणि इंजिनात हवा कोंबतो. गिअर बदलताना इंजिन एका पातळीच्या खाली घसरलं, की पंखा मलूल. मग गिअर पडला तरी गाडी तशीच रेंगाळते, पंख्याला पुन्हा जाग येईपर्यंत. शर्यतीत एवढं रेंगाळणं म्हणजे संपलंच.

म्हणून टर्बोच्या गाडीला फार हलकं चाक लावायला जाणते लोक कचरतात. पण भावोजींचा पाय असा होता की क्लच दाबला, गिअर पडला, क्लच सुटला, सगळं एका श्वासात. हलक्या चाकाला घसरायला सवडच मिळायची नाही. ते ओळखून मिस्त्रीने त्यांच्यासाठी स्टीलचं चार किलोचं चाक लेथवर स्वतः काढलं होतं. कंपनीचं मूळ चाक होतं आठ किलोचं. चार किलोवर ती गाडी शेपटीला आग लागल्यासारखी पळायची. दुसऱ्या दोघांनी हौसेने तसलं चाक करून घेतलं आणि महिन्याभरात तोंड वाकडं करून परत आणून दिलं. "चाकाला दोष देऊ नका," मिस्त्री त्यांना म्हणाला होता, "पाय बदलून आणा." आयुष्यात एवढं लांब वाक्य त्याने गिऱ्हाइकाला दुसऱ्यांदा ऐकवलं नाही.

आणि एका रविवारी, कठड्यावर बसलेला असताना, त्याला ती फट रुंद झाल्यासारखी वाटली.

दुसरा गिअर सुटला, इंजिन पडलं, पडत गेलं, मग तिसरा पडला. टर्बो झोपला होता. गाडीने सुस्कारा टाकला आणि मग कुठे ती ओढायला लागली. मिस्त्रीने डोळे उघडले. पुढच्या फेरीलाही तेच.

"तुझा टर्बो म्हातारा झाला रे," भावोजी खाली उतरताना म्हणाले. "धाप लागते त्याला."

मिस्त्रीने आठवडाभर ती गाडी उसवली. टर्बोचा पंखा हाताने फिरवून बघितला, आस हलतोय का बघितलं, प्रत्येक पाइपला साबणाचं पाणी लावून हवा कुठे सुटते का ते बघितलं. कुठेही काही नाही. मग त्याने स्वतः गाडी टेकडीवर नेली. गाडी सुसाट वर गेली, अगदी पूर्वीसारखी. माथ्यावर इंजिन बंद करून तो बराच वेळ आत बसून राहिला. गाडीत काही नव्हतं. जे होतं ते भावोजींच्या डाव्या पायात होतं.

त्यानंतर त्याच्या नजरेला एकेक गोष्ट पडायला लागली. सपाट फरशीवर चालताना भावोजींची डावी चप्पल मागे राहायची. "चपलासुद्धा हल्ली धड बनवत नाहीत," म्हणून ते पायाने चाचपत ती परत घालायचे. शर्टाचं वरचं बटण उघडंच राहायला लागलं होतं. कप उचलताना ते दोन्ही हात लावायचे. मिस्त्रीने मनाशी म्हटलं, वय झालं. त्याला दोष द्यायचा तर इथे फार देता येणार नाही. साठी उलटलेल्या माणसाची चप्पल निसटली म्हणून कुणी अॅम्ब्युलन्स बोलावत नाही.

पण निदान बोलायचं तरी. भावोजी, पाय जरा दाखवून घ्या, एवढंच म्हणायचं होतं. रविवारी ऑम्लेट उलटताना तो शब्द त्याच्या ओठावर आलाही होता. आणि तेवढ्यात त्याला पुढचं सगळं दिसलं. पाय अधू म्हटल्यावर भावोजी गाडी सोडणार. हा माणूस शेवटी रखडत येण्यासाठी शर्यतीत उतरणारा नव्हे. गाडी विकणार. मग रविवारी सकाळी शटर उघडायचं आणि रस्त्याकडे बघत बसायचं. त्याने ऑम्लेट ताटात घातलं आणि म्हणाला, "टर्बोचा व्हॉल्व्ह बदलून बघतो."

बदललं त्याने फ्लायव्हील. चार किलोचं काढून कंपनीचं आठ किलोचं घातलं. फ्लायव्हील ही काही बॉनेट उघडून दिसणारी वस्तू नाही. गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय त्याचं तोंड दिसत नाही. आणि भावोजी तर बॉनेटसुद्धा उघडत नव्हते. "उभ्या गाडीत रेस जरा सावकाश चढेल, दचकू नका," त्याने बजावलं. "नव्या व्हॉल्व्हचा तो गुणच आहे. फरक रस्त्यावर कळेल."

कळला. पाय सावकाश उचलला तरी जड चाकाने इंजिनाला धरून ठेवलं, तिसरा गिअर पडला तेव्हा टर्बो जागाच होता. भावोजी वरून आले ते हसत. "जादूगार आहेस लेका," म्हणाले, आणि मिस्त्रीच्या पाठीत असा रट्टा घातला की त्याला ठसका लागला. त्या रविवारी ते दिवेलागणीपर्यंत थांबले. मिस्त्रीला वाटलं, काय वाईट केलं आपण? माणूस खूश, आपण खूश.

हिवाळा सरला आणि फट पुन्हा रुंद झाली.

इथे मात्र मी मिस्त्रीची बाजू घेणार नाही. पहिल्या वेळेला वय म्हणून सोडून दिलं, ठीक. पण म्हातारपण असं हप्त्याहप्त्याने येत नाही, हे लोखंड झिजताना बघणाऱ्या माणसाला नक्की कळतं. काहीतरी सारखं झिजतंय, थांबत नाही, हे त्याला समजलं होतं. समजून त्याने कानाडोळा केला. कपाट उघडावं, आत काय आहे ते बघावं आणि हळूच परत लावून घ्यावं, तसं.

त्याने स्टीलची एक कडी तयार केली. चाकाच्या मध्यावरच्या वजनापेक्षा कडेवरचं वजन कितीतरी जास्त काम करतं, म्हणून कडी थेट कडेवर. भट्टीत लाल होईपर्यंत तापवली, चिमट्याने उचलली, आठ किलोच्या चाकावर अलगद उतरवली, आणि निवताना ती अशी आवळून बसली की सांधा बोटाला लागेना. मग चाक समतोल करायला घेतलं. इकडे कणभर खरवड, तिकडे कणभर, पुन्हा फिरव. असं चाक जरा जरी एका अंगाला जड राहिलं तर इंजिन खिळखिळं करून टाकतं. काट्यावर ठेवलं तेव्हा साडेअकरा किलो भरलं. माझ्या मते त्या माणसाने आयुष्यात इतकं सुंदर आणि इतकं वाईट काम दुसरं केलं नाही.

त्या वर्षी शर्यतीत भावोजी दुसरे आले. जड चाकामुळे गाडी जागेवरूनच दणका मारून सुटली, आणि चढावर कुठेही मरगळली नाही. गेल्या कित्येक वर्षांत त्यांचा एवढा वर नंबर आला नव्हता. आकाश ठेंगणं झालं होतं त्यांना. जमलेल्या लोकांसमोर त्यांनी मिस्त्रीला पुढे ओढलं, "हा माझा मेव्हणा, हा नसता तर मी घरी पेपर वाचत बसलो असतो," असं सगळ्यांना सांगितलं. मग स्वतःच्या डाव्या मांडीवर थाप मारून म्हणाले, "पण पाय बघा, पाय. अजून विशीतला आहे." सगळे हसले. मिस्त्रीही हसला. रात्री त्याला जेवण गेलं नाही, आणि भूक का नाही हेही त्याला चांगलं माहीत होतं.

मग एके दिवशी भावोजी राहत्या इमारतीच्या जिन्यावरून पडले.

भाची नोकरीच्या गावाहून धावत आली. हाड मोडलं नव्हतं, पण डावा पाय उचलेना आणि उजवाही जड झाला. मोठ्या हॉस्पिटलात मानेचा फोटो काढला. डॉक्टरीणबाईंच्या खोलीत तिघं बसले होते, भावोजी चाकाच्या खुर्चीत, शेजारी भाची, आणि कडेला मिस्त्री, दोन्ही हात गुडघ्यांत धरून.

"मानेच्या मणक्यांमध्ये जागा कमी झालीय आणि आतली मुख्य नस दाबली जातेय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आता या वयात फोटो काढला तर बऱ्याच जणांचा असा निघतो, आणि त्यांना काही होत नाही. त्यामुळे मला एकच गोष्ट कळायला हवी. हे पडल्यामुळे अचानक झालंय, की आधीपासून हळूहळू वाढत आलंय? पडल्यामुळे असेल तर मानेला पट्टा लावून काही आठवडे थांबू, सूज उतरेल. वाढत आलेलं असेल तर मात्र थांबायचं नाही, लगेच ऑपरेशन. कारण यात जेवढं गेलं तेवढं परत येईलच असं नसतं. नीट आठवून सांगा."

"आठवायचंय काय त्यात," भावोजी म्हणाले. "पडलो तेव्हापासून. त्याआधी पाय ठणठणीत. अहो, आत्ताच टेकडीच्या शर्यतीत दुसरा आलोय मी. डाव्या पायाने क्लच दाबावा लागतो त्यात. पाय अधू असलेला माणूस दुसरा येईल का?"

"नाही येणार," डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या.

"विचारा याला. माझं इंजिन हाच बघतो."

डॉक्टरीणबाईंनी मिस्त्रीकडे बघितलं. मिस्त्रीने फोटोकडे बघितलं आणि मान हलवली, तीही अशी की हो म्हणाला की नाही म्हणाला ते त्याचं त्यालाच ठाऊक.

पट्ट्याचं ठरलं. पुढची तारीख ठरली आणि डॉक्टरीणबाई उठल्या. भाचीने फाइल उचलली, खुर्चीचा ब्रेक सोडला. मिस्त्री उठला नाही. आता बोललो तर हा माणूस माझं तोंड बघणार नाही, हे त्याला दिसत होतं. नाही बोललो तर काही आठवडे पट्टा लावून घरी बसेल, आणि तोवर पाय आणखी जाईल, हेही दिसत होतं. त्याला ओरडावंसं वाटत होतं. त्याला पळून जावंसं वाटत होतं.

"मामा, चल ना," भाची म्हणाली.

"डॉक्टर," मिस्त्री बोलला, आणि आवाज घशात अडकला म्हणून खाकरून परत म्हणाला, "डॉक्टर, मागच्या वर्षाच्या सुरुवातीला यांना चार किलोचं चाक पुरायचं. मग आठ लागायला लागलं. आता साडेअकरा लागतं."

खोलीत कुणालाच काही कळलं नाही. डॉक्टरीणबाई मात्र परत खाली बसल्या. "कसलं चाक? सावकाश सांगा."

मग त्याने सांगितलं. गिअर बदलायला पाय किती वेळ घेतो, तेवढ्यात इंजिन किती घसरतं, चाक जड केलं की घसरणं कसं थांबतं. भावोजींकडे न बघता, टेबलाच्या कडेकडे बघून सांगितलं. सांगायला लागल्यावर थांबता येईना.

"म्हणजे चाक जड केल्यावर फरक कळेनासा झाला," त्या म्हणाल्या, "आणि काही महिन्यांनी तोच फरक पुन्हा दिसायला लागला?"

"हो."

"हाताचं काही?"

"शर्टाचं वरचं बटण लागत नाही. कप दोन हातांनी उचलतात. चप्पल मागे राहते, डावी."

डॉक्टरीणबाईंनी पट्ट्याचा कागद बाजूला सारला. "हे वर्षभराहून जुनं आहे आणि वाढतंय," त्या म्हणाल्या. "या आठवड्यातच ऑपरेशन करू. बरं झालं सांगितलंत."

"मामा," भाची हळूच म्हणाली, "तुला माहीत होतं?"

मिस्त्रीने होकार दिला. या वेळी मान नीट हलवली. भावोजींनी आपल्या डाव्या पायाकडे बघितलं, मग मांडीवर हात ठेवला आणि तिथेच राहू दिला.

ऑपरेशन व्यवस्थित पार पडलं. पायाचं जाणं थांबलं. जे आधीच गेलं होतं त्यातलं थोडं परत आलं, बरंचसं नाही. मिस्त्री रोज हॉस्पिटलच्या व्हरांड्यात बाकावर बसायचा. भाची बाहेर येऊन आज किती पावलं टाकली ते सांगायची, कधी चहा आणून द्यायची. आत ये म्हणाली नाही, आणि त्यानेही येऊ का म्हणून विचारलं नाही. आणखी लवकर आला असतात तर बरंच वाचलं असतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्याचं तिने एकदा सांगितलं. तिने ते टोचायला म्हणून सांगितलं नव्हतं. पण लागायचं ते लागलंच.

पुढे तिने वडिलांसाठी तळमजल्यावरची जागा बघितली, दारातून निघालं की थेट रस्ता. कामाला एक बाई ठेवली आणि ती आपल्या नोकरीवर परत गेली. मिस्त्रीने वाट बघितली. एक रविवार गेला, दुसरा गेला. शटर उघडून तो सकाळपासून स्टूलवर बसायचा, अंडी फोडायची की नाही हे ठरवत. रेडिओ बंद केला होता, बाहेरचं पाऊल चुकून ऐकू यायचं राहू नये म्हणून. शेवटी न राहवून तो स्वतःच निघाला.

भावोजी खिडकीपाशी बसले होते, हातात काठी. बारीक झाले होते. "ये," म्हणाले. मिस्त्री समोर बसला. बाई चहा ठेवून गेली. चहावर साय धरली तरी कुणी कपाला हात लावला नाही.

"कधीपासून कळत होतं तुला?" भावोजींनी विचारलं.

"पहिल्यांदा वय वाटलं. शपथ घेऊन सांगतो. दुसऱ्यांदा नाही वाटलं."

"आणि शर्यत? ती मी चढलो की तुझं चाक चढलं?"

"वळणं तुमची, ब्रेक तुमचे. मी नुसती गिअरमधली फट भरली."

भावोजींनी बराच वेळ मान डोलावली. रागावले असते तर बरं झालं असतं. चार शिव्या खाऊन मिस्त्री सुखाने घरी गेला असता. पण ते रागावलेले दिसत नव्हते, दमलेले दिसत होते.

"बोलला का नाहीस रे?"

मिस्त्रीने दारात येईपर्यंत याचं एक उत्तर तयार केलं होतं. तुमचं मन मोडवेना, असं काहीसं. ते त्याला म्हणवेना.

"तुम्ही गाडी सोडली असती," तो म्हणाला.

"सोडली असती."

"मग रविवारी..." त्याने खिडकीकडे बघितलं.

भावोजी त्याच्याकडे बघत राहिले. त्यांना ते आत्ता, या क्षणी कळलं होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

"अरे वेड्या," ते म्हणाले, "गाडी सोडली असती. तुझ्याकडे यायचं कशाला सोडलं असतं? मला तरी दुसरं कोण होतं?"

मिस्त्रीने इतकी वर्षं स्वतःशी मांडलेलं गणित या माणसाने एका दमात खोडून टाकलं होतं. त्याच्या मागोमाग एक वेडी आशा उठली. त्याने खाकरून घसा साफ केला.

"मग आता याल?" त्याने विचारलं. "रविवारी? गाडीचं काही नाही. नुसते."

भावोजींनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. गार झालेल्या चहाचा कप थोडा पुढे सरकवला. उत्तर दिलं तेव्हा आवाज अगदी सौम्य होता.

"बघू," ते म्हणाले. "डॉक्टर जिना नको म्हणाल्यात."

"हो, हो," मिस्त्री घाईने म्हणाला. "जिना नकोच."

तो उठला, चपला घातल्या, येतो म्हणाला आणि निघाला. भावोजींचं दार रस्त्यालगत होतं, आणि वर्कशॉपमध्ये तर गाड्या सरळ आत येत. तिथे एकही पायरी नव्हती.